गुडघ्याची तक्रार, खुब्याचा दोष

तापी आणि पूर्णा ह्यांच्या संगमाजवळचें मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वींचें एदलाबाद, हें चालण्याचें मोल जाणणारें गांव आहे. दर वर्षीं आषाढी वारीसाठीं मुक्ताबाईची पालखी येथून निघते आणि सुमारे महिनाभर पायीं चालून पंढरपुरास पोंचते. केळीच्या बागांतून, कापसाच्या शेतांतून आणि शाळेच्या वाटेनें येथलीं मुलें लहानपणापासून पायपीट करीत असतात. अशा मुलखांत बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा किंचित लंगडूं लागला, तर त्याचें कोणास फारसें नवल वाटत नाहीं. खेळतांना पडला असेल, पाय मुरगळला असेल, असें म्हणून घरचीं माणसें गुडघ्यास तेल चोळतात, शेक देतात. आठ-पंधरा दिवसांनीं हाडवैद्याकडे नेतात. पुढें कोणी गुडघ्याचें क्ष-किरण-चित्र काढवितो. तें निर्दोष निघतें. ‘वाढीचें वय आहे, थोडें दुखायचेंच,’ असा निर्वाळा मिळतो आणि मुलगा पुन्हां शाळेंत जाऊं लागतो. तो चालतो आहे ना? मग काळजी कसली?

ह्या व्यवहारांत कोणाचाहि हेतु वाईट नसतो. परंतु कधीं कधीं दोष गुडघ्यांत नसतोच. तो हातभर वर, खुब्यांत असतो. आणि मुलगा चालतो आहे हें काळजी सोडून देण्याचें कारण नसून, ताबडतोब हालचाल करण्याचें कारण असतें. तो चालूं शकतो तोंवरच त्याच्या दुखण्याचा इलाज सोपा असतो. एवढी साधी गोष्ट नीट उमगावयास वैद्यकशास्त्राला शतकाहून अधिक काळ लागला. त्या शोधाचा इतिहास खानदेशांतल्या घराघरांना उपयोगी पडावा असा आहे.

खुब्याचा सांधा उखळीचा. कमरेच्या हाडांत एक खोल वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा त्या वाटींत फिरतो. हा गोळा हाडाच्या तिरप्या मानेवर बसविलेला असतो. प्रौढ माणसांत गोळा आणि मान मिळून एकच अखंड हाड झालेलें असतें. परंतु वाढत्या मुलांत त्या दोहोंच्या मध्यें कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडांची लांबी वाढते ती अशा चकत्यांच्या जोरावर. वाढ पुरी झाली, कीं चकतीचेंहि हाड होतें आणि जोड पक्का होतो. तोंवर ही चकती म्हणजे हाडाच्या बांधणींतला कच्चा दुवाच होय.

वयांत येण्याच्या सुमारास ह्या दुव्यावर सर्वांत अधिक ताण पडतो. अंतःस्रावी ग्रंथींच्या प्रभावानें वाढीला एकाएकीं वेग येतो, चकती जाड आणि नाजूक होते, तिची बैठक अधिक तिरपी होते, आणि त्याच वेळीं अंगाचें वजनहि वाढत असतें. हा योग विपरीत जुळला, कीं गोळा वाटींत जेथल्या तेथें राहतो आणि मान त्याच्या खालून पुढें व वर निसटते. चित्रांत मात्र गोळाच मागें व खालीं घसरल्यासारखा दिसतो. म्हणून ह्या विकाराला इंग्रजी वैद्यकांत ‘स्लिप्ड कॅपिटल फेमोरल एपिफिसिस’ असें लांबलचक नांव पडलें. मराठींत ‘खुब्याचा गोळा सरकणें’ म्हटलें तरी पुरे. मुलग्यांत तो बहुधा बाराव्या ते चौदाव्या वर्षीं आणि मुलींत त्याच्या वर्षभर आधीं दिसून येतो. स्थूल मुलांत तो अधिक. थायरॉइड ग्रंथीचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मुलांत तो ह्याहून लहान वयांत किंवा कृश शरीरांतहि होऊं शकतो.

दुखावला खुबा, मग मूल गुडघ्याकडे बोट कां दाखवितें? ह्याचें उत्तर लंडनच्या गाइज रुग्णालयांतील शल्यवैद्य जॉन हिल्टन ह्यानें दिलें. १८६० ते १८६२ ह्या काळांत त्यानें विश्रांति आणि वेदना ह्या विषयावर व्याख्यानें दिलीं. तीं १८६३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. ज्या मज्जातंतूच्या शाखा खुब्यास जातात, त्याच मज्जातंतूच्या शाखा गुडघ्यासहि जातात, हें त्यानें दाखवून दिलें. मेंदूला निरोप पोंचतो, पण तो कोणत्या शाखेवरून आला ह्याचा उलगडा होत नाहीं. मूल खोटें बोलत नसतें. त्याला खरोखरच गुडघ्यांत वेदना होत असतात. हिल्टनच्या व्याख्यानांना दीडशेहून अधिक वर्षें लोटलीं, तरी निर्दोष गुडघ्यांचीं चित्रें काढण्याचा प्रघात जगांत कोठेंच पुरता थांबलेला नाहीं.

विकाराची ओळखहि अशीच अडखळत झाली. फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य आंब्रुआज पारे ह्यानें १५७२ सालीं मांडीच्या हाडाचा गोळा मानेपासून सुटूं शकतो आणि पाहणाऱ्याला तो सांधा निखळल्यासारखा भासतो, असें लिहून ठेवलें. त्यानंतर तीन शतकें ह्या विषयाला फारशी गति मिळाली नाहीं. १८८८ सालीं अर्न्स्ट म्यूलर ह्या जर्मन शल्यवैद्यानें वाढत्या वयांत मांडीच्या हाडाची मान वाकते, असा निबंध लिहिला. म्यूलरला जो वाक वाटला तो वास्तविक चकतीवरचा सरकाव होता; परंतु कातड्याआड काय घडलें आहे हें पाहण्याचें साधनच त्याच्या हातीं नव्हतें. तें साधन नोव्हेंबर १८९५ मध्यें विल्हेल्म राँटगेन ह्यानें जगाला दिलें. क्ष-किरणांच्या चित्रांत मान सरळच असल्याचें आणि गोळा तिच्यावरून ढळल्याचें स्पष्ट दिसूं लागलें.

तरीहि लंगडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागें खुब्याचा क्षय उभा असे. त्या काळीं क्षय हाच खुब्याचा मोठा शत्रु होता आणि भारतांत तर मुलाचा खुबा दुखूं लागला, कीं पहिला संशय क्षयाचाच येई. महिनोन्‌महिने वजन बांधून पाय ताणून ठेवणें, प्लॅस्टरमध्यें जखडणें, हा त्यावरचा उपाय. १९१० सालीं बॉस्टनचा लेग, फ्रान्समधील काल्व्हे आणि जर्मनींतील पेर्थेस ह्या तिघांनीं स्वतंत्रपणें असें दाखवून दिलें, कीं लहान मुलांच्या खुब्याचा एक विकार क्षयाचा नसून अगदीं निराळा आहे. असा तो गुंता हळूहळू सुटला. साधारणपणें चार ते आठ वर्षांच्या मुलांत पेर्थेसचा विकार, त्याहून मोठ्या मुलांत गोळा सरकणें आणि कोणत्याहि वयांत क्षय, अशीं एकाच लंगडण्याचीं तीन निराळीं कारणें वेगळीं झालीं. कारणें वेगळीं, म्हणून उपचारहि वेगळे.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. गोळा सरकलेला दिसतो आहे; मग त्याचें करावें काय? माणसाच्या हाताची स्वाभाविक धांव वांकडें दिसलेलें सरळ करण्याकडे असते. हाडवैद्य तेंच करतो, आणि त्याला हंसण्याचें कारण नाहीं. कारण विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील नामांकित शल्यवैद्यहि तेंच करीत होते. मुलाला भूल द्यावी, पाय जोरानें ओढून आंत फिरवावा, गोळा मानेवर परत बसवावा आणि कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालावें, अशी रीत होती. चित्र सुरेख येई. पण कांहीं महिन्यांनीं तोच गोळा निर्जीव होऊन ढांसळूं लागे, किंवा सांध्यांतील कूर्चा विरघळून खुबा ताठ होई. जो मुलगा लंगडत कां होईना चालत आला होता, तो उपचारानंतर अधिक पांगळा होऊन बसे.

ह्या अपयशाचें रहस्य रक्तवाहिन्यांत होतें. मूळचा कॅटलन असलेला आणि पुढें ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झालेला शल्यवैद्य जोसेप त्रुएता ह्यानें १९५० नंतरच्या दशकांत गोळ्याच्या रक्तपुरवठ्याचा बारकाईनें अभ्यास केला. गोळ्याचें पोषण करणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या बारीक असून मानेच्या मागच्या-वरच्या अंगानें चढत जातात. गोळा हळूहळू मागें सरकतो तेव्हां त्या सैल पडतात आणि कालांतरानें आखूडहि होतात. त्यांच्या नव्या लांबीची पर्वा न करतां गोळा एकदम हिसडून जागेवर आणला, कीं त्या ताणल्या जातात, तुटतात. सरकण्यानें जें नुकसान केलें नव्हतें, तें सरळ करणाऱ्या हातानें केलें, असा हा विपर्यास होता.

केळीच्या बागाईतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. घडाच्या भारानें कललेलें केळीचें झाड तो ओढून उभें करूं जात नाहीं. तसें केलें तर मुळें सुटतात. तो त्याला आहे त्या कलांत टेकू देतो. खुब्याच्या बाबतींतहि शास्त्र शेवटीं ह्याच शहाणपणाकडे आलें. गोळा जेथें असेल तेथेंच त्याला स्थिर करावें. चकती मिटून तिचें हाड होईपर्यंत पुढचा सरकाव थोपवावा. आणि वाढत्या हाडाला स्वतःचा आकार थोडाफार सुधारून घेण्याची संधि द्यावी.

टेकूचें साधन बॉस्टनहून आलें. मारियस स्मिथ-पीटरसन ह्यानें म्हाताऱ्या माणसांच्या मोडलेल्या मानेसाठीं तीन पात्यांचा पोलादी खिळा तयार केला आणि १९३१ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. तोच खिळा पुढें मुलांच्या सरकलेल्या गोळ्यांतहि ठोकूं लागले. पण मुलाचें हाड टणक. हातोड्याच्या घावानें गोळा आणखी दूर ढकलला जाण्याचें भय असे. म्हणून जाड खिळ्याच्या जागीं बारीक पिना आल्या. मग अनेक पिनांपैकीं एखादी गोळ्याच्या पृष्ठांतून सांध्यांत घुसते असें ध्यानांत आलें. शेवटीं पोकळ गाभ्याचा एकच मळसूत्री खिळा, म्हणजे स्क्रू, गोळ्याच्या मध्यावर बसवावा, ही रीत १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली. शस्त्रक्रिया चालू असतांना पडद्यावर हलतें क्ष-किरण-चित्र दाखविणाऱ्या यंत्रामुळें ती साध्य झाली. जेथें पूर्वीं मोठी चीर आणि महिनोन्‌महिन्यांचें प्लॅस्टर लागे, तेथें आतां बोटाच्या पेराएवढी चीर पुरते.

ही संयमाची रीत खरोखर चांगली कीं नुसती सोयीची? ह्याचा निवाडा दीर्घ काळ वाट पाहिल्याशिवाय होणें शक्य नव्हतें. अमेरिकेंतील आयोवा येथें कार्नी, वाइनस्टीन आणि नोबल ह्यांनीं १२४ रुग्णांच्या १५५ खुब्यांचा मागोवा घेतला आणि १९९१ सालीं तो प्रसिद्ध केला. उपचारानंतर सरासरी ४१ वर्षें लोटलेलीं होतीं. म्हणजे मुलें आतां पन्नाशींत आलेलीं होतीं. ज्यांचे गोळे ओढून सरळ केले होते त्यांच्या वाट्याला अधिक त्रास आला होता; आहे त्या जागीं स्थिर केलेल्या खुब्यांनीं सर्वांत चांगली साथ दिली होती.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १९९३ सालीं, रँडल लोडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ह्या विकाराची एक अगदीं साधी विभागणी केली. मूल, कुबड्या घेऊन कां होईना, पाय टेकून चालूं शकतें काय? शकत असेल तर सरकाव स्थिर; मुळींच शकत नसेल तर अस्थिर. त्यांनीं अभ्यासिलेल्या ५५ खुब्यांपैकीं ३० अस्थिर होते आणि त्यांतील १४ गोळे पुढें निर्जीव झाले. उरलेल्या २५ स्थिर खुब्यांत असा एकहि गोळा निर्जीव झाला नाहीं. एका बाजूस जवळ जवळ निम्मे, दुसऱ्या बाजूस शून्य! ह्या दोन आंकड्यांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. आज लंगडत चालणारा मुलगा स्थिर गटांतला आहे. उद्यां शाळेच्या पायरीवर त्याचा पाय घसरला आणि गोळा एकदम सुटला, कीं तो अस्थिर गटांत जातो. ह्या दोहोंमध्यें कधीं महिन्यांचें अंतर असतें, कधीं एका दिवसाचें.

सरळ करण्याचा विचार शास्त्रानें अजिबात टाकून दिला असें मात्र नाहीं. फार सरकलेला गोळा तसाच ठेवला, तर मानेची पुढें आलेली कड वाटीच्या कांठावर घासते आणि ऐन उमेदींत सांधा झिजूं लागतो. म्हणून १९६४ सालीं इंग्लंडांतील डन ह्यानें मानेचा थोडा भाग काढून, रक्तवाहिन्यांवर ताण न येऊं देतां गोळा बसविण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. स्वित्झर्लंडमधील बर्न येथें राइनहोल्ड गान्झ आणि त्याचे सहकारी ह्यांनीं रक्तवाहिन्यांचा मार्ग तपशीलानें शोधून, खुबा उघडण्याची सुरक्षित पद्धत २००१ सालीं मांडली. तिच्या आधारें डनची शस्त्रक्रिया नव्या रूपानें करण्यांत येते. ती अवघड आहे आणि अनुभवी हातांतहि तिला धोका आहे. कोणत्या मुलास ती करावी ह्याविषयीं तज्ज्ञांत अद्यापि मतभेद आहे. ह्यांतून एवढें मात्र निश्चित होतें, कीं उशीर झाला म्हणजे उपचार संपत नाहीं. तो कठीण, खर्चाचा आणि अनिश्चित होतो.

भारतांत हा विकार कमी आढळतो. लोडरनें १९९६ सालीं निरनिराळ्या देशांतील १६३० मुलांची माहिती एकत्र केली, तींत पॉलिनेशियन बेटांतील लोकांत त्याचें प्रमाण सर्वांत अधिक आणि भारतीय व भूमध्य सागराकडील लोकांत सर्वांत कमी दिसलें. परंतु दुर्मिळपणा हें अभय नव्हे. जो विकार डॉक्टराच्या नजरेस वर्षानुवर्षें पडत नाहीं, तो समोर आला तरी ओळखूं न येण्याचा संभव अधिक. शिवाय आपल्याकडे त्याला एक निराळें कारण जोडलेलें आढळतें. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं २०१३ सालीं अशा पंधरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्यांच्या विकाराचा संबंध ड जीवनसत्त्वाच्या उणिवेशीं जोडून दाखविला. खानदेशच्या उन्हाचा लौकिक सर्वांस ठाऊक आहे. पण ऊन अंगणांत पडतें म्हणून तें मुलाच्या अंगावर पडतेंच असें नाहीं. शहरांतील मुलें शाळा, शिकवणी आणि घर ह्यांच्या छपरांखालीं दिवस काढतात, आणि त्यांचीं वजनेंहि वाढत आहेत. तेव्हां हा विकार पुढेंहि दुर्मिळच राहील, असा भरंवसा शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांनींहि धरूं नये.

महाराष्ट्रांत मुलांच्या हाडांच्या उपचाराची परंपरा मुख्यतः मुंबईंत वाढली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय सुरू झालें. १९२९ सालीं परळ येथें बाई जेरबाई वाडिया ह्यांच्या नांवानें खास मुलांसाठीं रुग्णालय उघडलें. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल ह्यांनीं १९४७ सालीं मुंबईंत पंगु मुलांसाठीं उपचारकेंद्र काढलें. त्याच कार्यांतून हाजी अली येथील मुलांचें अस्थिरोग रुग्णालय उभें राहिलें. मुक्ताईनगरच्या मुलास मात्र ह्या दारापर्यंत पोंचावयाचें म्हणजे आधीं भुसावळ गांठावें आणि तेथून रेल्वेनें सुमारे साडेचारशे किलोमीटर जावें, असा प्रवास होता. आतां तें अंतर कांहींसें घटलें आहे. गरीब कुटुंबांच्या मोठ्या उपचारांचा खर्च उचलणारी शासनाची जीवनदायी योजना २०१२ सालीं प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळें होतें. पुढें ती सर्व राज्यभर पसरली आणि तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव देण्यांत आलें. २०१८ सालीं जळगांव येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडलें.

मुलांची तपासणी शाळेंत जाऊन करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतच, पालघर येथें सुरू झाला. त्याच्या आरंभींच्या यादींत तीस प्रकारचे दोष व आजार घेतलेले होते. जन्मतः बिघडलेला खुबा आणि ड जीवनसत्त्वाच्या उणिवेनें होणारा मुडदूस हे त्यांत आहेत. वाढत्या वयांत सरकणाऱ्या गोळ्याचें नांव त्यांत नाहीं. म्हणून ही नजर घरानें आणि शाळेनें स्वतःच ठेवावयास हवी.

ती नजर शिकण्यास विद्येची फारशी गरज नाहीं. दहा ते पंधरा वर्षांचें मूल मांडी, जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणून दोन-तीन आठवडे तक्रार करीत आहे. चालतांना एका पायाचें पाऊल बाहेरच्या बाजूस वळतें. उकिडवें बसतांना तो गुडघा सरळ समोर न राहतां बाहेर पडतो. उताणें निजवून पाय पोटाकडे दुमडला असतां मांडी आपोआप बाहेर फिरते. ह्यांपैकीं कांहींहि दिसलें, तर चित्र गुडघ्याचें नव्हे, खुब्याचें काढावयास सांगावें. तेंहि केवळ समोरून नव्हे, तर बाजूनेंहि. कारण थोडा सरकाव समोरच्या चित्रांत लपून राहूं शकतो. दोन्ही खुबे पाहावेत, कारण एक सरकलेला असतां दुसराहि सरकण्याचा संभव पुष्कळ असतो. निदान झालें, कीं त्या क्षणापासून मुलानें त्या पायावर भार देऊं नये. ‘परीक्षा आटोपल्यावर पाहूं,’ ‘लग्नाची घाई सरूं द्या,’ ही भाषा येथें महाग पडते. आणि निदान होण्यापूर्वीं किंवा झाल्यावर कोणाच्याहि हातून पाय ओढवून, चोळवून, बसवून घेऊं नये.

पारेपासून गान्झपर्यंत सुमारे सव्वाचार शतकें झालीं. त्यांत क्ष-किरण आले, भूल आली, पोलादी खिळे आले, पडद्यावरचीं हलतीं चित्रें आलीं. ह्या सर्वांचा लाभ मुक्ताईनगरच्या मुलास मिळावा कीं नाहीं, हें मात्र त्या यंत्रांपैकीं एकानेंहि ठरत नाहीं. तें ठरतें संध्याकाळीं मुलगा शाळेंतून लंगडत घरीं येतो त्या वेळीं, आणि तेल घेऊन गुडघ्याजवळ बसलेल्या आजीच्या किंवा आईच्या मनांत हा प्रश्न उभा राहतो कीं नाहीं ह्यावर: दुखणें येथें आहे, पण दोष वर तर नसेल?